हात राखून

निजामाबादहून हळदीची पोती घेऊन आलेला ट्रक
पहाटे सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला
आणि दोन दिवस, दोन रात्री बसून राहिलेला बिराप्पा
केबिनमधून उतरला तो थेट माझ्या खोलीकडं,
एक पाय ओढत.
"लई आखडलाय. जोर लावून चोळ. दुपारी परत निघायचंय."

तेल कोमट झालं होतं. फळी पुसून ठेवलेली.
मी पँट वर सारायला सांगितली
आणि दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या,
बाजारात वांगी बघतात तशा.
उजवी रोजची, शिरांची, धुळीची.
डावी तिच्याहून दोन बोटं जाड, चकाकणारी,
आणि तळहात नुसता जवळ नेला तर
ऊब आधी भेटली, पाय नंतर.

मी वाटी खाली ठेवली.
"मिरजेला जा. आत्ता. ट्रक हितंच ऱ्हाऊ दे."

तो हसला. मग चिडला.
"पोटरी चोळायला डाक्टर?
तुझ्या हाताला लकवा झालाय का?"
दारात तीन हमाल आपापल्या पाठी घेऊन थांबलेले,
मानेच्या घड्यांत हळद.
तेही हसले.

माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं.
तो फक्त एक दुपार विसरला नव्हता.

सांगलीवाडीच्या तालमीत
तेलाची वाटी मी धरली होती, पंधरा वर्षांचा.
दस्तगीर वस्ताद, ज्यांच्या अंगठ्याखाली
आखडलेली पाठ लोण्यासारखी सुटायची,
ते अशीच एक पोटरी रगडत होते,
प्लास्टर काढून चार दिवस झालेल्या पैलवानाची.
पैलवान म्हणाला, बरं वाटतंय.
उठला. चहा मागितला.
कपापर्यंत हात पोचला नाही.

कुणी म्हटलं, हार्ट. कुणी म्हटलं, नजर.
वस्ताद काहीच म्हटले नाहीत.
कृष्णेच्या घाटावर बसून
राखेनं हात घासत राहिले, अंधार पडेपर्यंत.
पुढं ते एका बेकरीत लागले, मैदा मळायला.

पायात साकळलेली गुठळी सुटून वर जाते
हे मला कळायला तीस वर्षं लागली,
तेही मिरजेच्या दवाखान्यात, भिंतीवरच्या तक्त्यावर,
मालनच्या नंबराची वाट बघताना.

मालनची एक छाती काढली, काखेतल्या गाठीही.
मग दंड सुजला. बांगड्या कापाव्या लागल्या.
मी म्हटलं, हे तर माझंच काम.
फिजिओच्या मुलीनं माझा अंगठा धरून बाजूला केला.
"हा नाही, काका.
पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली तर काय करता?"
झटकतो.
चोळली की बसते.
"मग तसंच."

जन्मभर जोर विकलेला माणूस मी.
आधी खांद्यापाशी वाट मोकळी करायची,
पाटाला दार देतात तशी,
मग कोपर, मनगट सगळ्यात शेवटी,
आणि कातडी तेवढी सरकली पाहिजे,
खालच्या मांसाला कळताही कामा नये.
अंग लाल झालं, ऊन लागलं, तर थांबायचं
आणि दवाखाना गाठायचा.
पहिला आठवडाभर मालन विचारायची,
"तुम्ही सुरू कधी करणार?"

बिराप्पा शिव्या देत गेला.
मिरजेला गेला की दुसऱ्या कुणाच्या फळीवर, ठाऊक नाही.
हमालांच्या पाठी मोकळ्या केल्या.
त्यातल्या एकाच्या पाठीवर तीळ होता, मागच्या वेळेपेक्षा मोठा,
कड फाटलेली. त्याला दोनदा सांगितलं.
तो हूं म्हणाला.

पोती उतरली. संध्याकाळ झाली.
रिकामा ट्रक जागा अडवून उभा,
मागच्या गाड्या हॉर्न मारतायत, मुकादम ओरडतोय,
ड्रायव्हर कुठं मेला म्हणून.
मी खोलीला कुलूप लावताना पाहिलं,
सायकल काढताना पाहिलं,
गेटातून मान वळवून पुन्हा पाहिलं.
अजून उभा होता.

घरी हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत.
मालननं दंड उशीवर ठेवला होता.