छत्तीस खाचा

सिद्राय आला तेव्हा कागदावर त्याचं वय सतरा,
नववी नापास, आणि पुढच्या रकान्यात
निरीक्षणगृहाचा निळा शिक्का.
सोबतच्या बाई हळूच म्हणाल्या, तांबं चोरायचा.
कंग्राळीपासून कडोलीपर्यंत विहिरीवरच्या मोटारी
रात्रीत फोडायच्या, गुंडाळी उपसायची,
पहाटे भंगारात.

योजनेनं त्याला दिलेला कोर्स:
मोटार वाइंडिंग. तीन महिने. सरकारी खर्चानं.
मी हसलो नाही. सव्वीस वर्षं उद्यमबागेत
दुसऱ्याच्या पत्र्याखाली राबल्यावर
माणूस कागदाला हसत नाही.

पटावर सत्तावीस, बाकांवर अकरा,
लग्नसराईत सोमवारी सात.
दस्तगीरचा अंगठा यंत्राला पटतच नव्हता,
चुलत्याबरोबर सिमेंट कालवून रेघा गेलेल्या;
तो रोज हजर, आणि रोज गैरहजर.

पुस्तक कन्नडमध्ये. सिद्रायची शाळा मराठी.
दस्तगीर वाचायचा, सांगायचा,
हा डोळे मिटून ऐकायचा
आणि मधेच, "थांब. हितं चुकलंय त्यांचं."
चुकलेलं असायचं.

तांब्याचं वेटोळं तळव्यावर तोलून म्हणायचा, साडेचारशे.
काटा म्हणायचा, चारशे साठ.
कुठं शिकलास, मी विचारलं नाही.
भंगारवाला दर खेपेला पावशेर मारायचा,
हे त्यानंच एकदा सांगितलं.
राग अजून ताजा होता.

जानेवारीत कडोलीहून एक मोटार आली,
पाच हॉर्सपॉवर, जळालेली,
ट्रॅक्टरवर रताळ्यांच्या पोत्यांत बसून.
खोलली. करपलेल्या वार्निशचा वास सुटला.
स्टेटरच्या कडेला छिन्नीचा एक घाव,
जुना, गंज धरलेला.
सिद्रायनं त्यात अंगठ्याचं नख घातलं.
काढलं नाही बराच वेळ.

मालक सांगत होता,
"दोन वर्साखाली कुणा भाडखाऊनं तांबं काढून नेलं बघा,
दुसरं भरून घेतलं, पण तवाधरनं
नीट म्हणून चाललीच नाही."
"हां," सिद्राय म्हणाला.
मी पान्हा शोधायला वळलो. पान्हा माझ्या हातातच होता.

मग त्यानं खाचा मोजल्या. छत्तीस.
आपल्यात हा आकडा भांडणाचा,
तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले.
पण स्टेटरमधल्या छत्तीसही खाचा
आत तोंड करून असतात.
एवढ्या वर्षांत मला हे
त्या दुपारी दिसलं.

कागद बसवला. गुंडाळीला अडतीस फेरे.
"जेवायला येतोस न्हवं?"
"मोजूलोय, सर."
डबा तसाच राहिला, भातावर साय धरल्यासारखी आमटी.
तिसऱ्या दिवशी वार्निश वाळलं,
मेगरचा काटा जिथं जायचा तिथं गेला,
मोटार फिरली, आवाज न करता, जवळजवळ.

उरलेलं तांबं त्यानं वर्तमानपत्रात बांधून
माझ्या टेबलावर ठेवलं.
वर पेन्सिलनं: १३५ ग्रॅम.
असू दे, म्हटलं.
"घाला की काट्यावर."
घातलं.
एकशे पस्तीस.

मार्चात तुकडी संपली. प्रमाणपत्रावर त्याचं नाव चुकलंय,
माझे तीन महिन्यांचे पैसे यायचेत,
त्या खोलीत आता शिलाईचा वर्ग भरतो.
कडोलीची मोटार चालू आहे.
मालक परवा बाजारात भेटला,
पोराचा नंबर मागत होता;
शेजारच्या विहिरीवरचीही जळलीय म्हणे.
दिला.