तेरावं खोकं

पहाटे सहा. ब्रॅडफर्ड. गोदामात
बोलताना दोघांच्याही तोंडातून वाफ.
"बारा घ्या बाजी, तेरावं फुकट."
मी खोकं उलटं करते.
आल्याची बिस्किटं. मार्च. म्हणजे दीड महिना.

मागच्या नाताळात भुलले होते.
जूनपर्यंत गराजमध्ये गाडी शिरेना,
मिसेस हॉलरॉइडचा कुत्रासुद्धा
शेवटी शेवटी मला बघून रस्ता बदलायचा.

पायलीचे पन्नास पुडे असोत,
माझी फळी अडीच हाताची.
मनात सोमवारची माणसं मोजते:
टपालवाला, रात्रपाळीच्या दोघी नर्स,
एक पुडा घेऊन अर्धा तास थांबणारे
ऑग्डेन आजोबा.

"चार दे."
"चारात काय सुटणार?"
"गराज."

इम्तियाज हसत नाही.
शिडी लावतो, वर चढतो,
मागच्या रांगेतून चार काढून देतो.

सप्टेंबर.