भरती

वॉल्विस बेच्या दोन नंबर फाटकाशी
पहाटे पाचला धुकं असतं आणि माणसं असतात.
माणसं आधी दिसत नाहीत,
खोकला ऐकू येतो.

हिलेनी शिफोलेका गाडी आत घेते, काच खाली करत नाही.
अकरा वर्षांपूर्वी ती याच जाळीला टेकून उभी असायची,
हातमोजे घरचे, पोटात रात्रीची पेज,
आणि आतून कुणीतरी बोट दाखवायचं:
तू. तू. तू नको. तू.

आता बोट तिचं आहे.
बोट म्हणायचं नाही, निवडप्रक्रिया म्हणायचं.

हेक मासळीचा हंगाम लागला की साठ जागा,
उतरला की चाळीस कमी.
माझ्या भाषेत समुद्राला आणि कारखान्याला
एकच शब्द पुरतो: भरती.
ओहोटीसाठी मात्र कारखाना वेगळं पत्र काढतो,
'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा',
खाली शिक्का.

"खोगीरभरती नको," एस्टरहाउझेन साहेब म्हणाले,
"भविष्य असलेली माणसं आण."
म्हणून यंदा फॉर्मवर नवा प्रश्न आला,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

तुयाकुला नावाच्या मुलीने
बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं.
मग विचारलं, "मासे असतील का तेव्हा?"
हिलेनीने शेऱ्यात लिहिलं,
उमेदवार दूरचा विचार करते.
खोटं नव्हतं.

ताते इलिया सत्तावीस वर्षं त्याच टेबलाशी.
त्याची सुरी माशाच्या अंगातून जाते
तेव्हा काट्यालाही कळत नाही आपण वेगळे झालो.
आजचे चारही सुपरवायझर त्याच्याच हाताखाली
बोटं कापून घेत शिकले.
तो स्वतः चौथी पास.
बढतीच्या रकान्यात दर डिसेंबरला: पात्रता नाही.

"वाईट नाही वाटत?" तिने एकदा विचारलं.
"शिडीला कुणी गच्चीवर बोलावत नाही, पोरी," तो म्हणाला.
आणि लगेच, "गमबूट गळतायत माझे.
नऊ नंबर. बघ जमलं तर."

हिलेनीच्या शिवणाच्या डब्यात,
बटणांच्या खाली, एक चकती आहे.
तिच्या आजोबांच्या गळ्यात होती ती,
उत्तरेतून कंत्राटावर खाली आणलं तेव्हा.
डॉक्टरने दंड दाबले, दात पाहिले,
म्हणाला, खाणीत नको, वरच्या कामाला चालेल.
चकतीवर एकच अक्षर: बी.
नाव नव्हतं. नावाला जागा नव्हती.

डिसेंबरात ती दोनशे बारा माणसांसमोर
ए, बी, सी भरते.
रकाना रिकामा ठेवला तर तांबडी चांदणी उगवते
आणि कॉम्प्युटर पुढे सरकत नाही.

मग तिचंही पत्र आलं.
'भरवशाच्या. कष्टाळू. वाढीला वाव आहे.'
वर कोपऱ्यात अक्षर.
"बी म्हणजे चांगलंच की," साहेब हसून म्हणाले,
"बी तर कारखान्याचा कणा."
तीही हसली. मानेवर मात्र
काहीतरी बारीक, दोऱ्यासारखं, टोचत राहिलं.
घरी जाऊन तिने डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर,
तिने इलियाची फाईल उघडली.
पद: शिकवणारा.
असे पद अस्तित्वात नाही, कॉम्प्युटर म्हणाला.
तिने चहा आणला.
खिडकीतून बोटींचे भोंगे, फ्लेमिंगोंच्या खाडीवर
पाणी चढत असल्याचा वास.
पुन्हा टाइप केलं: शिकवणारा.
असे पद अस्तित्वात नाही.
पुन्हा.

त्या दिवशी मंजूर झाले ते फक्त बूट.
नऊ नंबर, पांढरे,
इलियाने टेबलावर ठेवून पाहिले,
दोन्ही डाव्या पायाचे.