दोन बोटं

हिरेमठ डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली, म्हणाले,
दोन्ही खुबे गेलेत, अक्का. दोन्ही बदलायचे.
एका दमात नाही. आधी उजवा, दीड महिन्यानं डावा.
मी बोटांवर मोजलं:
गणपती गेल्यावर उजवा,
दिवाळीचा फराळ संपला की डावा,
म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरची सगळी सराई
शहापूरच्या नवऱ्या माझ्याशिवाय नटणार.

मापांची वही मी सबिहाला दिली.
बावीस वर्षांच्या छात्या, दंड, पाठीचे गळे,
कोण बाळंतपणानंतर किती सुटली,
कोण नवरा गेल्यावर किती आटली,
सगळं त्या वहीत. देताना हात जरा रेंगाळला.
मशीनवर चादर टाकली
आणि पायडल दोरीनं बांधून ठेवलं,
का, ते मला सांगता येणार नाही.

नवरा उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरतो.
सहीचा कागद कानडीत होता. तो वाचतो कानडी,
पण त्या दिवशी वाचलं नाही त्यानं काही.
त्याला एवढंच विचारायचं होतं:
साहेब, हा गोळा ओतीव की घडीव?
डॉक्टर हसले. मग खुर्ची ओढून बसले
आणि दोघं अर्धा तास धातूवर बोलले.
मधे मी, नुसती हाडामांसाची.

कमरेखाली बधिर केलं, कान जागे.
पडद्यापलीकडे हातोडा पडत होता.
दुखत नव्हतं, पण ठोक्यागणिक मी हलत होते,
त्याच्या कारखान्याच्या दारात डबा घेऊन उभी असावी तशी.
काढलेला गोळा त्याला दाखवला म्हणे.
किडलेलं रताळं गं, तो म्हणाला,
वरून साल बरी, आत भुगा.
हे त्यानं आठ दिवसांनी सांगितलं,
पाणी देता देता, माझ्याकडं न बघता.

गोकाकची महादेवी चालायला शिकवी.
ओंदु, एरडु, मूरु. वॉकर पुढं, मग नवा पाय, मग जुना.
तेव्हा कळली हिशेबातली चूक.
बरा व्हायचा होता उजवा,
आणि त्याचा भार घ्यायला होता कोण? डावाच.
तोही मोडका. त्याचीही तारीख लागलेली.
रात्री मांड्यांमध्ये उशी, कुशीवर वळायला बंदी,
मी डाव्यावर हात ठेवून म्हणे, अजून पंचवीस दिवस, बाबा.
अजून अठरा.
तो काही बोलत नसे. ठणकत असे.

मधल्या दिवसांत माणसं येत,
बिस्किटं, शहाळी, कुणाच्या मावशीची गोष्ट
जी नीट झाली, कुणाच्या काकांची
जी सांगता सांगता त्यांनी अर्धी गिळली.
दिवाळीत खाली बसता येईना,
खुर्चीत ताठ बसून चकली खाल्ली,
आपल्याच घरी पाहुण्यासारखी.

दुसऱ्या वेळी मला सगळं ठाऊक होतं.
म्हणूनच जास्त भ्याले.
महादेवी म्हणाली, एक, दोन, तीन.
माझ्यासाठी शिकून आली होती.
आणि माझ्या तोंडून निघालं, नाल्कु.
हसताना टाके ओढले.

संक्रांतीला काठी सुटली.
परकरावर आरशासमोर उभी राहिले, तर घेर
उजवीकडं वर चढलेला, डावीकडं फरशीला.
बाई गं, कुणाचा हात वाकडा पडला?
मग आठवलं.
चार वर्षं उजवा पाय आखडत गेला
तसतशी मी त्या बाजूची दुमड वाढवत आले,
शेवटी दोन बोटं आखूड,
साडीखालून परकर डोकावून
माझी चाल सांगू नये म्हणून.
नवऱ्यालाही बोलले नव्हते.
आता पाय सरळ आहेत, परकर लंगडतात.

नऊ आहेत. खुर्चीवर घेऊन बसलेय.
पायडलची दोरी अजून तशीच,
ती सोमवारी सोडू.
आज नुसती उसवतेय.