जर-तरचं हँगर

कालव्यापलीकडच्या तळावरून
शेवटची ट्रान्झाल गेली, त्या दिवशी हिन्नर्कने
ताटातला मासा तसाच ठेवला
आणि गराजमधली गाडी बाहेर काढली, कायमची.
आता गाडी पावसात भिजते.
गराजमध्ये सदतीस विमानं, छताला मासेमारीच्या दोऱ्याने टांगलेली.
त्यातलं एकही खरं नाही.

म्हणजे आहेत सगळ्या ट्रान्झालच,
त्याच, आडदांड पोटाच्या, खांद्यावर पंख टाकून उभ्या,
मागून जबडा उघडणाऱ्या,
फक्त बहात्तरपटीने लहान
आणि प्रत्येकीचं नशीब वेगळं.
हिच्या पायांत बर्फावरच्या पट्ट्या.
"ग्रीनलँडचं हवाईदल."
"ग्रीनलँडला कुठलं आलंय हवाईदल?"
"असतं तर."
हिच्या पोटाखाली होडीचा तळ, ही आयडर नदीत उतरून
टपाल वाटणार.
हिच्या पाठीवरची रडारची तबकडी म्हणजे
माझ्या क्रीमच्या डबीचं झाकण,
जे मी आठवडाभर शोधत होते.
आणि ही, शेपटीवर हातोडा आणि परकार:
ज्या देशाने हिला कधी घेतलंच नसतं
तो देशही आता उरला नाही.

प्रत्येकीची कुळकथा वहीत, पेन्सिलीने.
'एकाहत्तर साली नौदलाने बारा मागवली,
पैकी एक धुक्यात गेलं.'
मी म्हटलं, अरे, कल्पना तुझी, धुकं तुझं,
तरी एक हरवतोसच?
तो म्हणाला, "गेझा,
ज्याचं काहीच हरवलं नाही
ते हवाईदल खरं कोण मानेल?"

फेब्रुवारीत इथे चारलाच अंधारतं.
अडतिसाव्याला त्याने सहा आठवडे घेतले.
तोच करडा-हिरवा रंग. तोच नंबर, त्याच्या विमानाचा.
मी टॉर्च घेऊन जकातवाल्यासारखी तपासली,
नाकापासून शेपटीपर्यंत. चाकं तीच,
खिडक्या तेवढ्याच, धुराचे काळे ओघळसुद्धा जागच्या जागी.
"यात जर-तर कुठे आहे?"
त्याने दिवा जरा बाजूला वळवला.
"आत."

दुष्काळाच्या त्या वर्षी, एका पठारावर
ही विमानं इतकी खालून जायची
की माणसांच्या टोप्या उडायच्या.
मागचं दार उघडं. हिरवा दिवा लागला की ढकलायचं.
खाली चुन्याची रेघ, रेघेच्या आत धान्य,
रेघेबाहेर वाट पाहणारी माणसं.
मला त्याने एकदाच सांगितलं होतं,
लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बटाटे सोलताना,
आणि तेही एवढंच:
"एक पोतं उशिरा सुटलं."
साल मोडली नाही. लांबलचक, एकसंध
ती टोपलीत पडली,
आणि मी पुढचा बटाटा घेतला.

आत पोती आहेत, भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी.
एक पोतं वेगळं, पट्ट्याने जखडलेलं.
शिवणाचा दोरा त्या मापात जाड दिसत होता
म्हणून माझ्या फणीतला केस घेतला, असं म्हणाला,
न विचारता घेतला म्हणून जरा ओशाळून.
मग दार लावलं. फटीत लांबी भरली,
घासली, रंगवली. आता ते दार
नव्हतंच असं वाटतं.
वहीत या विमानाचं पान कोरं आहे.

रविवारी आमची नात बेंटे येते,
खुर्चीवर चढून प्रत्येक विमान कानाशी हलवून बघते.
ग्रीनलँडचं खुळखुळतं. टपालाचं तर फारच,
त्याच्या आत एक सुटा स्क्रू आहे.
हे मात्र टांगलेलं नाही, फळीवर
चाकांवर उभं. हेही हलवलं तिने.
पुन्हा हलवलं.
"आजोबा, हे रिकामं आहे."
"नाही गं," हिन्नर्क म्हणाला, "घट्ट बांधलंय."

एकोणचाळिसावं काय असेल, विचारलं नाही मी.
क्रीमची नवी डबी आणली आहे.
झाकण धुऊन, पुसून
त्याच्या टेबलावर ठेवून आले.