नव्वद नंबर

बाबा गेल्यावर कपाट रिकामं केलं ते चौघांनी मिळून.
सिप्रियनने कोट घेतला, खांद्यात बसत नसताना.
विल्फीने घड्याळ.
बोनाने काहीच नाही, तो फक्त विचारत राहिला
मरोळच्या घराचे कागद कुठे आहेत,
बिल्डर सोमवारी यायचा होता.
खालच्या खणात चार बनियन निघाले, नव्वद नंबर.
ते कुणी मागितले नाहीत.
बनियन कोण मागतं?

साकीनाक्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर.
पाळीवरून आला की सदरा खुंटीला,
आणि रात्रीची रोझरी बनियनवरच.
आई चिडायची, अहो, देवासमोर सदरा तरी घाला.
तो म्हणायचा,
त्याला ठाऊक आहे गं आत काय आहे ते.

शेवटच्या वर्षी मीच बदलायचे त्याचे कपडे.
आधी दुखरा हात, मग डोकं, मग दुसरा हात,
तान्ह्याला झबलं घालतात तसं.
एकदा मोरीत, बनियन पिळताना,
उलटा की सुलटा कळेना म्हणून
कडेची शिवण शोधली.
नव्हती.
काखेपासून खालपर्यंत बोट फिरवलं,
मग दुसऱ्या कडेनं.
नळीसारखा गोल विणलेला, सबंध.
खांद्यांवर तेवढे टाके, गळ्याला पट्टी, खाली दुमड.
बाकी कुठेच सुई लागलेली नाही.

त्याच्या आधी किती वर्षं धूत होते मी ते बनियन!
कोपरापर्यंत साबण, उकिडवी बसलेली मी,
आणि गुड फ्रायडेचं वाचन
नळाच्या आवाजात ऐकू आलं:
वाटणी करणारे शिपाई,
आणि एक झगा, ज्याला शिवण नव्हती
म्हणून जो त्यांनी फाडला नाही.
दरवर्षी ऐकते, उभी राहून, पाय अवघडत.
पण त्या झग्याला घामाचा वास असेल,
काखेत पिवळटपणा असेल,
कुणीतरी तो नदीवर आपटून धुतला असेल,
हे मोरीतच सुचलं. चर्चमध्ये कधी नाही.

ऑगस्टात हॉस्पिटलच्या दारातच
नर्सने कात्री घातली गळ्यापाशी
आणि वरून खालपर्यंत कापत नेली.
डोक्यावरून काढायला वेळ नाही, ताई.
बरोबरच होतं तिचं.
मंदिराचा पडदाही वरून खालपर्यंतच फाटला होता,
पण तेव्हा मला पडदा आठवला नाही.
मला वाटलं, गार लागेल त्याला.

तो पाचवा बनियन त्यांनी पिशवीत घालून दिला.
वर्षभर पिशवीची गाठ सोडली नाही.
काल सोडली.
छातीशी डावीकडे दोन तांबूस ठिपके.
मेरीमातेचं मेडल सेफ्टी पिनेनं तिथे लावलेलं असायचं,
मेडल त्याच्याबरोबर पेटीत गेलं.
खिळ्यांची खूण वगैरे मी म्हणणार नाही.
पिनेचा गंज तो, लिंबानं जातो.
लिंबू लावलं नाही, एवढंच.

कापलेल्या कडा आपोआप आत वळल्या होत्या,
दोन बारीक वळकट्या.
होजियरीचं कापड कापलं की वळतंच.
शिवावा म्हणून दोरा ओवला,
सुई टोचवेना.

तेवढ्यात बोनाचा फोन.
बिल्डर चार फ्लॅट द्यायला तयार आहे,
मजल्यावरून भांडायला नको,
रविवारी मिसा झाली की चिठ्ठ्या टाकू.
तुझ्याही नावाची आहे, फिलू, तू येच.
येते म्हणाले.
फोन ठेवल्यावर मोजले:
शिपाईही चारच होते.
मोरीत इतकं सुचलं,
आपण त्यांतले कोण, ते सुचलं नव्हतं.

बनियन धुतला. गच्चीत नेला.
धड असते तर वाऱ्यानं फुगतात बनियन,
आत कुणी उभं असल्यासारखे.
हा पुढून उघडा,
दोन्ही बाजू दोन दिशांना उडायला लागल्या.
चिमटा एकच उरला होता.
दोन्ही कडा जवळ ओढून
गळ्यापाशी लावला,
कात्री जिथून सुरू झाली होती तिथे.