ओलाव्याचा हिशोब

मशीन म्हणतं, बावन्न मिनिटं.
अडीच तास झाले.
टॉवेल बाहेर काढला तर ऊन, पण दमट,
ताप उतरताना घाम फुटलेल्या पोरासारखा.

कुंदा म्हणाली, विकून टाका.
कोपरखैरण्यात, सेक्टर पंधरात,
आश्लेषाची झड लागलेली असताना
न वाळवणारा ड्रायर घेणार कोण?
म्हटलं, थांब जरा.

एकतीस वर्षं मी वाळवण्याचंच खाल्लं.
पावण्याला, औषधांच्या कंपनीत, तिन्ही पाळ्यांत,
दीडशे किलो ओली पावडर पोटात घेऊन
स्टीलचा ड्रायर घुमायचा,
आणि मी दर अर्ध्या तासाला चमचाभर नमुना काढून
वजन करायचो: किती गेलं, किती उरलं.
दीड टक्क्याच्या खाली आलं की सही.
घरचे कपडे तेव्हा दोरीवर,
आणि दोरी कुंदाच्या अखत्यारीत.

तर आधी जाळी.
जाळीवर तूस, करडं, मऊ, बोटभर जाड.
त्यात नातीच्या गणवेशाचा निळा,
कुंदाचे दोन केस, एक पांढरा, एक मेंदीचा.
सोलून काढलं. जाळी नळाखाली धरली
तर पाणी वरच थांबलं, अळवावर थांबतं तसं.
सुगंधी कंडिशनरचा पापुद्रा.
जुन्या टूथब्रशनं घासला.
अडीचाचे सव्वादोन झाले.
म्हणजे दुखणं हेही होतं, पण हेच नव्हतं.

मग मुंब्र्याहून तौसीफ आला,
हीटरला मीटर लावला, पट्टा दाबून पाहिला,
म्हणाला, काका, तब्येत ठणठणीत आहे,
आणि साडेतीनशे घेऊन गेला.

तो गेल्यावर पिल्लैसाहेब आठवले.
पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते,
उष्णता वाळवत नाही, गावंड.
ती पाण्याला फक्त उठवते.
न्यायला वारा लागतो.

स्वयंपाकघरातला काटा आणला.
ओला टॉवेल: सातशे चाळीस ग्रॅम.
अर्ध्या तासानं: सहाशे नव्वद.
आणखी अर्ध्या तासानं: सहाशे ऐंशी.
वहीत मांडलं. सवयीनं खाली सही केली.
पन्नास गेले, मग दहा,
आणि गेले ते नेमके गेले कुठे?

मान वर केली.
ड्राय बाल्कनीच्या काचेवरून ओघळ चाललेले,
छताच्या कोपऱ्यात बुरशीचा नकाशा,
पाईपचं तोंड मशीनच्याच पाठीमागे
आणि खिडकी बंद.
आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत ओढत
बिचारं घरघरत होतं.

खिडकी मीच बंद केली होती.
निवृत्त झालो त्या वर्षी, फटींना सिलिकॉन भरून,
रात्री दोनच्या सुमाराला वास यायचा म्हणून,
गोड, कडवट बदामासारखा.
कुंदा विचारायची, कसला हो?
मी म्हणायचो, गटार असेल.
त्याचं नाव मला पाठ होतं.
उकळतं किती अंशांवर, तेही.

ब्लेडनं सिलिकॉन कापायला अख्खी दुपार गेली.
काच हलेना, मग एकदम हलली,
अंगठ्याला लागलं.
पाईप ओढून बाहेर काढला, तारेनं बांधला,
आणि रात्री जेवणं झाल्यावर मशीन लावलं.
खिडकीबाहेर पांढरी वाफ,
समोरच्या इमारतीतल्या बाईनं पडदा बाजूला करून पाहिलं.

अठ्ठावन्न मिनिटं.
चारशे दहा ग्रॅम.
मी दोनदा वजन केलं.

कुंदानं टॉवेल घेतला,
घडी घालता घालता नाकाशी नेला.
तुमच्या शर्टांना यायचा, म्हणाली.
एकतीस वर्षं भिजवले मी ते, वेगळ्या बादलीत.

मी अंगठ्यावरची पट्टी नीट करत राहिलो.

गटार म्हणे,
ती म्हणाली,
आणि उरलेले कपडे आत टाकायला वाकली.